मॅलकी आजोबा तिकीट काढत नाहीत

“मी तिकीट काढणार नाही म्हणजे नाही!”

मागच्या सीटवरून मॅलकी आजोबांनी जाहीर केलं आणि मांडीवरचा पत्र्याचा मग दोन्ही हातांनी घट्ट धरला.

“अहो आजोबा, गाडी अजून अंगणातून बाहेरसुद्धा पडली नाही!” आई पुढून म्हणाली.

“आधीच सांगून ठेवलेलं बरं. फाटकापाशी कटकट नको.”

“किलव्हार्नाला सगळेच तिकीट काढून जातात,” बाबा गाडी वळवत म्हणाले. “मोठा बंगला आहे, बाग आहे, मुलांना परीवाट आहे. सुट्टीचा एक दिवस सगळ्यांनी मिळून मजेत घालवू, एवढंच माझं म्हणणं.”

“तुम्ही घालवा की! मी बंगल्यावर जात नाहीये. मी विहिरीवर जातोय. विहिरीला कधी तिकीट असतं का?”

बाबांनी गाडी रस्त्याला लावली.

आज अकरा ऑगस्ट होता. डोळ्यांच्या विहिरीचा दिवस! किलव्हार्नाच्या हिरवळीच्या टोकाला, अ‍ॅशच्या चार झाडांमध्ये ती विहीर आहे. विहीर कसली, गुडघाभर पाण्याचा झरा. पण अकरा ऑगस्टला तिच्याभोवती सात फेऱ्या मारायच्या, फेरीला एक असे खडे टाकायचे आणि मगमधून पाणी घेऊन डोळ्यांना लावायचं, हे आजोबा करत आले होते. त्यांची आई करायची, तिची आई करायची. ब्याऐंशी वर्षांच्या आजोबांचा एकही अकरा ऑगस्ट चुकला नव्हता.

आणि तो मग? तो शंभर वर्षं विहिरीवर साखळीला अडकवलेला असायचा. मार्च महिन्यात बंगल्याच्या माणसांनी तो भंगारात फेकला. आजोबांनी तो कचऱ्याच्या ढिगातून उचलून घरी आणला, घासला, आणि तेव्हापासून त्यांचं डोकं तापलं होतं ते आजतागायत!

“त्या हॅकेटनं पत्रात काय लिहिलंय ते वाच गं डर्व्हला,” आजोबा म्हणाले.

डर्व्हला तेरा वर्षांची होती. तिला ते पत्र पाठ झालं होतं. “‘आपण आजवर जुन्या मालकीणबाईंच्या परवानगीने येत होता. परवानगी म्हणजे वाटेचा हक्क नव्हे. किलव्हार्नाच्या आवारातून विहिरीकडे जाणारी लोकांची वाट कधीही नव्हती. यापुढे तिकिटाशिवाय आत आलात तर पोलिसांना कळवण्यात येईल. आपला नम्र, हॅकेट, व्यवस्थापक.’”

“नम्र म्हणे!” फिअक्रा फिस्सकन हसला. तो डर्व्हलाचा धाकटा भाऊ, वय अकरा. बोलायला लागला की थांबायचा नाही.

“आणि आज चार वाजता काय आहे?” नेसानं विचारलं. नेसा त्यांची चुलत बहीण, नऊ वर्षांची, डब्लिनहून सुट्टीला आलेली. तिला अजून अर्धी गोष्ट कळायची होती.

“आज चार वाजता कौन्सिलच्या मिसेस टॅफ येणार आहेत,” डर्व्हलानं सांगितलं. “हॅकेटला विहिरीपाशी पाहुण्यांसाठी लाकडी झोपड्या बांधायच्यात. तिथं लोकांची वाट नाही असं बाईंना दिसलं, की त्या सही करणार. सही झाली की विहिरीभोवतीही कुंपण. मग विहीर गेली!”

“पण वाट होती ना आजोबा?”

“होती तर! मी पाच वर्षांचा असताना आईच्या मागून गेलोय. रस्त्यालगत दोन दगडी खांब, मग शेत, मग खाली चरात उतरायचं. चरातनं बरंच चालायचं. पायाला नेटलचा पाला लागून अंगभर खाज सुटायची. आणि शेवटी दगडी पायऱ्या! वर चढलं की एकदम हिरवळ आणि समोर विहीर.”

“मग वाट गेली कुठे?”

आजोबांनी मोठा सुस्कारा सोडला. “चहापायी गेली.”

“चहापायी?”

“बंगल्याच्या जुन्या मालकीणबाई, मिस लुईझा, म्हणाल्या माझ्या आईला, ‘अगं, नेटलमधून कशाला येतेस? समोरच्या फाटकातनं ये, चहा पिऊन जा.’ आता एवढ्या प्रेमानं बोलावलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं? गावातले सगळेच भिडेपोटी समोरून जायला लागले. मागची वाट बुजली ती बुजलीच. मिस लुईझा गेल्या, बंगला कंपनीनं घेतला, आणि आता हा हॅकेट आमच्या त्या चहालाच परवानगी म्हणतोय! सत्तर वर्षं चहा प्यायला आणि वाट घालवून बसलो. आमच्यासारखी भिडस्त माणसं जगात दुसरी नसतील!”

आजोबांचा आवाज इतका बारीक झालेला मुलांनी कधी ऐकला नव्हता.

“चार वाजायच्या आत मी त्या पायऱ्या शोधून काढणार,” डर्व्हला म्हणाली. “बघाच तुम्ही!”

*

आजोबांनी शब्द पाळला. किलव्हार्नाच्या फाटकाच्या थोडं अलीकडे, रस्त्याच्या कडेला, नव्या उंच लाकडी कुंपणाला पाठ लावून ते घडीच्या खुर्चीवर बसले. थर्मासमध्ये चहा, डब्यात हॅमची सँडविचं, मांडीवर मग.

“इथंच ते दोन खांब होते. मागच्या वर्षीपर्यंत मी रोज बघत होतो,” त्यांनी कुंपणावर काठी आपटली. “मी आत येईन तो इथनंच. नाहीतर इथंच बसून राहीन.”

“पाऊस आला तर?” आईनं विचारलं.

“भिजेन!”

बाकीचे तिकीट काढून आत गेले. बंगल्याच्या दिवाणखान्याएवढ्या मोठ्या प्रवेशदालनात तिकिटांच्या दरांचा मोठा फलक उभा होता, आणि फलकाशेजारी दस्तुरखुद्द मिस्टर हॅकेट! गुळगुळीत दाढी, हिरवं जाकीट, आणि हसू असं की दुकानातून नुकतंच विकत आणलंय.

“या या! फॅमिली तिकीट? उत्तम! आणि बाळगोपाळांसाठी परीवाट! झाडांच्या बुंध्यांवर बारा छोटी दारं लपवली आहेत. सगळी शोधली की बक्षीस! हे घ्या कागद आणि हे घ्या पंख!”

“पंख?” फिअक्राचा चेहरा पडला.

“पंखांशिवाय परीचं दार दिसत नाही, बेटा!”

“मला दिसलं नाही तरी चालेल!”

पण डर्व्हलानं त्याला कोपरानं ढोसलं. तिच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं. तिनं मुकाट्यानं जाळीचे गुलाबी पंख घातले, नेसानं घातले, आणि शेवटी तोंड वाकडं करत फिअक्रानंही घातले.

“अगं, पंख घातलेल्या पोरांकडे कोण लक्ष देतं?” बाहेर आल्यावर डर्व्हला कुजबुजली. “आता आपण कुठंही शिरलो तरी परीचं दार शोधतोय!”

“वर्गातल्या कुणी पाहिलं तर मी देश सोडून जाईन,” फिअक्रा म्हणाला.

आई-बाबा इतर पाहुण्यांबरोबर बंगल्याच्या चौथऱ्यावर उभे होते आणि मिस्टर हॅकेट हात पसरून माहिती देत होते. “बघा! इथून क्षितिजापर्यंत नुसती हिरवळ! कुठं भिंत दिसते? नाही! कुंपण? नाही! पण आहे बरं का! हिरवळीच्या कडेला खोल चर खणलाय आणि चराच्या आतल्या बाजूला भिंत बांधलीय. गुरं आत येत नाहीत, आणि बंगल्यातून बघणाऱ्याला चर दिसतच नाही. चरातून माणसं गेली तरी दिसत नाहीत! सरदारसाहेबांना चहा पिताना उगाच ऐरेगैरे डोळ्यांपुढे नकोत, म्हणून ही युक्ती!”

पाहुणे कौतुकानं हसले. बाबासुद्धा हसले. डर्व्हला मात्र हसली नाही. ऐरेगैरे म्हणजे कोण? म्हणजे आजोबांची आई. म्हणजे आजोबा. म्हणजे आपणच की!

“मिस्टर हॅकेट, त्या भिंतीला पायऱ्या आहेत का हो?” तिनं मोठ्यानं विचारलं.

हॅकेटचं हसू क्षणभर जागचं हललं. “पायऱ्या? छे छे! कधीच नव्हत्या. तिकडं जायचं नाही हं, तिकडं धोका आहे. सात नंबरचं दार गुलाबांच्या बाजूला आहे, तिकडं पळा!”

“धोका आहे म्हणजे नक्की तिकडंच काहीतरी आहे!” फिअक्रा पुटपुटला.

*

चराच्या कडेनं लाल-पांढरी पट्टी बांधली होती. तिघं पट्टीखालून वाकून आत सरकले आणि वेलींना धरून भिंतीवरून घसरत चरात उतरले.

बाप रे! चर कसला, जंगलच ते! नेटल कमरेएवढं, ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्या, आणि भिंतीवर आयव्हीच्या वेली इतक्या दाट, की दगड कुठं आणि पान कुठं ते कळत नव्हतं. चर अर्धा मैल तरी लांब असेल.

“यात पायऱ्या शोधायच्या? आपण म्हातारे होऊ!” फिअक्रा ओरडला.

“ओरडू नको! हात घाल वेलीत आणि चाचपत चल.”

दोन तास तिघांनी भिंत चाचपली. हात खाजले, गुडघे सोलवटले, नेसाचा एक पंख काट्यांना अडकून फाटला. पायरी काही लागली नाही. आणि मग डोक्यावर यंत्राची घरघर आली. गवत कापायच्या गाडीवर बसलेला एक मोठ्या मिशांचा माणूस वरून डोकावला.

“ए पोरांनो! खाली काय करताय?”

“सात नंबरचं दार शोधतोय!” नेसानं फाटका पंख फडफडवला.

“तिथं दारबिर काही नाही. वर या. साहेबांनी बघितलं तर तुमचं काही नाही, माझी नोकरी जाईल.”

“काका, या भिंतीला पायऱ्या आहेत ना?” डर्व्हलानं सरळच विचारलं.

माणूस गडबडला. त्यानं बंगल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “तू कुणाची गं?”

“मॅलकी ब्रेहनीची नात.”

“असं होय.” तो मिशीवरून हात फिरवत राहिला. “माझं नाव शेमी. माझी आई तुझ्या आजोबांबरोबर विहिरीवर जायची. पायऱ्यांचं मला ठाऊक नाही, खरंच ठाऊक नाही. पण तुम्ही आता वर या बाई. मला तीन लेकरं आहेत.”

काय करणार? तिघं वर आले. घड्याळात दोन वाजून गेले होते.

*

चहाच्या दालनात आई-बाबा स्कोनवर मुरांबा थापत बसले होते. मुलांचे अवतार बघून आईनं कपाळाला हात लावला.

“परीवाटेवर गेला होतात की लढाईवर? बसा, सूप घ्या. आणि हे बघा, बंगल्याच्या दुकानात काय मिळालं! भांडी पुसायचं फडकं. जुन्या किलव्हार्नाचं चित्र आहे त्यावर. नेसाच्या आईला पाठवू.”

“आपल्या घरी आहे की हे,” बाबा म्हणाले. “गावात कुणाच्या घरी नाही?”

खरंच होतं. मिस लुईझांच्या काळापासून हे फडकं गावातल्या प्रत्येक लग्नात आहेर म्हणून दिलं जायचं. घरोघरी ओव्हनच्या दांडीवर ते लटकलेलं असायचं.

डर्व्हलाचं कशातच लक्ष नव्हतं. बाहेर आजोबा मग धरून बसले असतील. पाऊस भुरभुरायला लागला होता. तिला रडू येईल की काय असं वाटलं, म्हणून ती उगाच फिअक्रावर खेकसली, “नीट खा की!”

फिअक्रा दचकला आणि सुपाचा वाडगा कलंडला! टेबलभर टोमॅटोचं लाल सूप! त्यानं हाताला लागलं ते फडकं ओढलं आणि भराभर पुसायला लागला.

“अरे, नवं कोरं आहे ते!” आई किंचाळली.

फिअक्राचा हात मध्येच थांबला. तो फडक्याकडे बघत राहिला. बोलायचा थांबला! हे इतकं विलक्षण होतं, की सगळेच त्याच्याकडे बघायला लागले.

“डर्व्हला,” तो अगदी हळू म्हणाला. “ही ठिपक्यांची रेघ बघ.”

फडक्यावर किलव्हार्नाचा जुना नकाशा छापला होता. बंगला, तळं, कबुतरखाना, चर. आणि रस्त्यापासून निघालेली, शेतातून चरात उतरलेली, चरातून वळत वळत गेलेली आणि कबुतरखान्याच्या अगदी समोर हिरवळीवर चढलेली बारीक ठिपक्यांची रेघ. रेघेवर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘विहिरीकडे जाणारी लोकांची वाट’. आणि जिथं रेघ चढत होती तिथं बारीक आडव्या काड्या काढल्या होत्या. पायऱ्या!

“दोन वर्षं मी या फडक्यानं ताटं पुसतोय!” फिअक्रा ओरडला. “रोज! दोन वर्षं!”

“आणि मी वीस वर्षं,” आई थक्क होऊन म्हणाली.

“आणि हॅकेट स्वतःच विकतोय!” नेसानं टाळ्या पिटल्या.

डर्व्हलानं सुपानं माखलेलं फडकं उचललं. “आई, बाबा, चार वाजता तुम्ही काहीही करून त्या कौन्सिलच्या बाईंना हिरवळीवर थांबवा. कबुतरखान्याच्या बाजूला. कसंही करून!”

“अगं, पण उगाच कुणाशी वाद...” बाबा म्हणाले.

“बाबा! तुम्ही पण चहाच पिणार का?”

बाबांनी कप खाली ठेवला. ते म्हणाले, “कबुतरखान्याच्या बाजूला ना? थांबवतो.”

*

कबुतरखाना, त्याच्या बरोबर समोर चर, आणि चरात आयव्हीचा सगळ्यात दाट पडदा! तिघांनी वेल दोन्ही हातांनी धरली आणि एकदम ओढली. सर्रकन वेल सुटली आणि तिघं पाठीवर पडले.

आत दगडी पायऱ्या होत्या. सात पायऱ्या, भिंतीतच बांधलेल्या. प्रत्येक पायरी मधोमध झिजून खोलगट झालेली, तिच्यात पावसाचं पाणी साचलेलं. नेसानं त्या खळग्यात पाऊल ठेवलं. बरोबर मावलं.

“इतकं कशानं झिजलं?” तिनं विचारलं.

“पायांनी,” डर्व्हला म्हणाली. “आपल्या माणसांच्या पायांनी. आणि तो म्हणतो कधीच नव्हत्या!”

“चला, बाईंना बोलावू!”

“नाही. आधी आजोबा! आजोबा या वाटेनं येतील, तेव्हाच ती वाट!”

तिघं चरातून पळत सुटले. फडक्यावरच्या ठिपक्यांबरोबर वळले, शेतात चढले, ओल्या गवतातून धावत कुंपणापाशी आले. कुंपणाच्या आत, फळ्यांना अगदी चिकटून, शेवाळलेले दोन दगडी खांब अजून उभे होते!

“आजोबा!” डर्व्हलानं फळीवर मुठी आपटल्या. “आजोबा, पायऱ्या सापडल्या!”

पलीकडे खुर्ची करकरली. “किती आहेत?” आजोबांचा आवाज आला.

“सात!”

“सात,” आजोबा म्हणाले. “बरोबर. सातच होत्या.” मग बराच वेळ त्यांनी नाक शिंकरल्याचा आवाज येत होता.

पण फळ्या? त्या जाड स्क्रूंनी आवळलेल्या. फिअक्रानं लाथा मारून पाहिल्या, नेसानं खांद्यानं ढकलून पाहिल्या. ढिम्म! चारला दहा मिनिटं होती. आणि नेमकी तेव्हाच मागून यंत्राची घरघर आली.

शेमी गाडीवरून उतरला. त्यानं खांबांकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं. मग खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला.

“तुमची तीन लेकरं...” डर्व्हला म्हणाली.

“त्यांनाही कधीतरी विहिरीवर न्यायचंय की मला,” शेमी म्हणाला आणि पहिला स्क्रू फिरवायला लागला.

*

इकडे हिरवळीवर मिस्टर हॅकेट छत्री धरून उभे होते. छत्रीत मिसेस टॅफ, उंच, चष्मेवाल्या, हातात कागदांची फाइल. आणि त्यांच्याजवळ बाबा! बाबा त्यांना कबुतरांविषयी प्रश्न विचारत होते. बाबांना कबुतरांतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं, तरी त्यांनी पाव तास खिंड लढवली होती.

“पुरे झाली कबुतरं!” हॅकेट वैतागले. “मॅडम, आपणच बघा. इथून तिथवर अखंड हिरवळ. कुठं वाट? कुठं पायरी? एक म्हातारा उगाच हट्ट धरून बसलाय. या हिरवळीवर खालून कुणी कधी आलेलं नाही आणि येणंही शक्य...”

“ते काय आहे?” मिसेस टॅफनी चष्मा वर केला.

हिरवळीच्या कडेला, जिथं नुसतं गवत होतं तिथं, जमिनीतून एक टोपी वर येत होती. करड्या रंगाची, भिजलेली टोपी. टोपीखाली मॅलकी आजोबांचा लालबुंद चेहरा. मग खांदे. मग हातातला मग. एकेक पायरी चढत, काठी टेकत, धापा टाकत आजोबा जमिनीतून वर आले आणि हिरवळीवर ताठ उभे राहिले! त्यांच्या मागून चिखलानं माखलेली, फाटक्या गुलाबी पंखांची तीन पोरं, आणि सगळ्यात शेवटी कुंपणाची एक फळी काखेत मारलेला शेमी.



“नमस्कार, मिस्टर हॅकेट,” आजोबा म्हणाले. “मी तिकीट काढलेलं नाही.”

“हे... ही घुसखोरी आहे! मी पोलिसांना...”

“बोलवा!” डर्व्हला पुढे झाली. “त्यांनाही पायऱ्या दाखवू! तुम्हीच म्हणालात ना, चरातून माणसं गेली तरी बंगल्यातून दिसत नाहीत? मग आम्ही दिसलो नाही म्हणून आम्ही नव्हतोच का?”

तिनं फडकं मिसेस टॅफच्या हातात दिलं. बाईंनी सुपाच्या डागाशेजारची रेघ चष्म्याजवळ नेऊन पाहिली. मग त्या चरापाशी गेल्या, वाकल्या, आणि त्यांनी वरच्या पायरीच्या खळग्यात हात ठेवून पाहिला.

“मॅडम, फडकं काही पुरावा होत नाही!” हॅकेट ओरडले. “दुकानात विकायला काढलेलं चित्र ते!”

“खाली काय लिहिलंय?” फिअक्रा म्हणाला. “‘प्रवेशदालनातील मूळ नकाशावरून.’ मग तो मूळ नकाशा कुठंय?”

हॅकेट छत्रीआड सरकले. तेवढ्यात नेसा ओरडली, “तिकिटांच्या दराच्या फलकामागं सोनेरी चौकट आहे! पंख घालताना मी बघितली!”

सगळी वरात बंगल्यात गेली. बाबांनी आणि शेमीनं मिळून फलक बाजूला सरकवला. मागं भिंतीवर जुना नकाशा होता, सरदारसाहेबांच्या सही-शिक्क्याचा. ठिपक्यांची रेघ त्यात लाल शाईनं काढलेली होती.

“मिस्टर हॅकेट,” मिसेस टॅफ शांतपणे म्हणाल्या, “वाट होती हे मला दिसलं. ती रीतसर बंद केल्याचा एखादा कागद आहे तुमच्याकडे?”

“नाही, पण...”

“मग मी कशावर सही करू?” त्यांनी फाइल मिटली. “झोपड्या दुसरीकडे बांधा. आणि ते कुंपण या आठवड्यात काढा. शेमीनं सुरुवात केलीच आहे. त्याला त्याबद्दल कुणी काही बोललं, तर मला कळव, शेमी.” मग त्या मुलांकडे वळल्या. “मी या बंगल्यात चार वेळा येऊन गेले. चारही वेळा त्या फलकासमोर उभी राहिले. मला नाही दिसलं. शाबास रे पोरांनो!”

“आमच्याही घरी आहे तसलं फडकं,” शेमी डोकं खाजवत म्हणाला.

*

पाऊस थांबला होता. आजोबा विहिरीपाशी आले. त्यांनी खिशातून सात खडे काढले आणि फेऱ्या सुरू केल्या. एक. दोन. तीन. चौथ्या फेरीला त्यांचं कंबरेचं हाड दुखायला लागलं आणि ते मटकन दगडावर बसले.

“झालं,” ते म्हणाले. “यंदा चारच. देवाला सांगेन, रस्त्याच्या कडेला बसून बसून गारठलो.”

“चार कशा?” डर्व्हलानं त्यांच्या मुठीतून उरलेले तीन खडे काढून घेतले. एक स्वतःकडे ठेवला, एक फिअक्राला दिला, एक नेसाला. पाचवी फेरी तिनं मारली, सहावी फिअक्रानं, अजून पंख घालूनच! सातवी नेसानं मारली. तिच्या मागून शेमी चालला, त्याच्या मागून आई आणि बाबा.

आजोबांनी मग भरला, पाणी डोळ्यांना लावलं. मग त्यांनी तो डर्व्हलाकडे दिला. झाडाला गंजलेली साखळी अजून लोंबत होती.

“तू अडकव. माझा हात पुरत नाही आता.”

तिनं मग अडकवला. लांब उभ्या असलेल्या हॅकेटकडे बघून आजोबा खणखणीत आवाजात म्हणाले, “इथंच राहणार आहे हा! तहान लागली तर तुम्हीही या. तिकीट नाही!”

आणि मग ते जायला निघाले. बाबा म्हणाले, “गाडी समोरच्या फाटकाशीच आहे, इकडून जवळ पडेल.” पण आजोबांनी ऐकलं नाही. काठी टेकत ते पायऱ्यांकडे वळले, आणि त्यांच्यामागून सगळेजण एकेक करत चरात उतरले.

परतताना गाडीत आजोबांच्या मांडीवर काहीच नव्हतं. हातांचं काय करावं ते त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी सुपाचं फडकं मागून घेतलं, गुडघ्यावर पसरलं आणि ठिपक्यांवरून बोट फिरवत बसले.

“आजोबा, पुढच्या वर्षी?” नेसानं विचारलं.

“पुढच्या वर्षी कशाला? वाट चालती ठेवायची तर रोज चालायला हवी. उद्या सकाळी नऊला तयार राहा! आणि फिअक्रा, तू पंख आण!”